प्रमाणपत्रावरचं वळणदार अक्षर



पुढे वाचण्याआधी एक छोटंसं काम करा. मुलांच्या फाइलमध्ये दोन-चार प्रमाणपत्रं असतीलच. चित्रकलेचं, धावण्याचं, कुठल्यातरी स्पर्धा परीक्षेचं. त्यातलं एखादं इंग्रजी प्रमाणपत्र काढा, हात लांब करून धरा आणि वाचा. वरचा 'सर्टिफिकेट' हा शब्द लगेच वाचता येईल, कारण तिथे तोच शब्द असणार हे आपल्याला ठाऊकच असतं. आता मुलाचं नाव बघा. तिरकी, नाजूक, एकमेकांचा हात धरून चाललेली अक्षरं. पहिल्या अक्षराला मोठा झोकदार वळसा. वाचलंत ना? पण तेही आधीच ठाऊक होतं म्हणून. खरी परीक्षा करायची असेल तर शेजारच्या वर्गातल्या, नाव माहीत नसलेल्या मुलाचं प्रमाणपत्र घ्या आणि तेवढ्याच अंतरावरून वाचून दाखवा.

आजचा लेख या अक्षराबद्दल आहे. आमंत्रणपत्रिका, मानपत्र, पदवी, प्रमाणपत्र अशा मानाच्या कागदांवर जो वळणदार फॉन्ट हमखास दिसतो, तो आला कुठून, तो इतका सुंदर का दिसतो, आणि आपल्या मुलांची नावं त्यात लिहावीत का, एवढंच बोलायचं आहे. शाळेत प्रमाणपत्रांचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी आठ दिवस उभा राहतो.

असे फॉन्ट पुष्कळ आहेत. संगणकावर 'एडवर्डियन स्क्रिप्ट', 'कुन्स्टलर स्क्रिप्ट', 'पॅलेस स्क्रिप्ट' ही नावं तुम्ही पाहिली असतील. गुगलवर फुकट मिळणारे 'पिन्यॉन स्क्रिप्ट' आणि 'ग्रेट वाइब्ज' हल्ली मोबाइलवर तयार केलेल्या प्रत्येक दुसऱ्या पत्रिकेवर असतात. मी मात्र उदाहरणाला घेणार आहे 'स्नेल राउंडहँड'. एक तर तो या घराण्यातला फार नीट, संयमी फॉन्ट आहे. दुसरं म्हणजे त्याच्या नावातच एका शिक्षकाचं नाव आहे.

चार्ल्स स्नेल हा लंडनमधला लेखनशिक्षक. काळ १६६७ ते १७३३. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांपासून थोरल्या बाजीरावापर्यंतचा. त्या काळात लंडनमध्ये 'रायटिंग मास्टर' हा स्वतंत्र पेशा होता. व्यापाऱ्यांच्या, कारकुनांच्या मुलांना सुवाच्य अक्षर आणि जमाखर्च या दोन गोष्टी हे लोक शिकवत. जोडीच लक्षात घ्या, अक्षर आणि हिशेब. आज आपल्याला जे अक्षर लग्नपत्रिकेचं वाटतं, ते जन्माला आलं ते वखारीतल्या वह्यांसाठी, हुंड्यांसाठी, मालाच्या पावत्यांसाठी. भरभर लिहिता यावं म्हणून अक्षरं जोडलेली, हात न उचलता पुढे जाता यावं म्हणून तिरकी, आणि दुसऱ्या गावच्या अडत्याला विनाचूक वाचता यावीत म्हणून गोल आणि मोकळी. 'राउंडहँड' म्हणजे गोल वळण.

स्नेलमास्तर स्वतः हिशेबनीसही होते. १७२० साली इंग्लंडमध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटला आणि हजारो लोक बुडाले. त्या प्रकरणात कंपनीच्या एका संचालकाच्या पेढीच्या वह्या तपासून स्नेलनं अहवाल लिहिला. हिशेबतपासणीच्या इतिहासात तो अहवाल अगदी सुरुवातीचा म्हणून सांगतात. सुंदर अक्षर शिकवणारा माणूस घोटाळ्याच्या वह्या तपासतो, ही गोष्ट मला तरी फार आवडते. वाणिज्य शिकवणाऱ्या सरांनी वर्गात जरूर सांगावी.

आणखी एक गोष्ट. त्या काळी लेखनशिक्षकांमध्ये मोठी चढाओढ असायची. कोण एका दमात, लेखणी न उचलता, अक्षराच्या शेपटीतून पक्षी काढतो, कोण मासा, कोण देवदूत! स्नेलला हे पसंत नव्हतं. अक्षराच्या आसपास प्राणी-पक्ष्यांची गर्दी करण्यावर त्यानं टीका केली. प्रत्येक अक्षराची उंची, रुंदी, कल नियमात बसवायचा प्रयत्न केला. त्यावरून दुसऱ्या एका लेखनशिक्षकाशी त्याचा जाहीर वादही झाला. समोरच्याचं म्हणणं असं, की नियमांनी हात बांधला जातो. हा वाद आपल्या शिक्षकखोलीत आजही होतो. सुलेखनाच्या तासाला मुलांना कित्ता गिरवायला द्यावा की मोकळं लिहू द्यावं? मी स्नेलच्या बाजूची आहे. पण ते असो.

या अक्षराला जाड-बारीकपणा येतो तो दाबातून. पिसाची लेखणी टोकाला अगदी अणकुचीदार करून मधोमध चिरलेली असे. खाली येताना दाब दिला की चीर उघडते आणि रेघ जाड होते. वर जाताना हात हलका सोडला की केसासारखी बारीक रेघ उमटते. मुलांचे कित्ते छापायचे तर हे लेखन तांब्याच्या पत्र्यावर कोरणीनं कोरत. म्हणून या वळणाला 'कॉपरप्लेट' असंही नाव पडलं. कोरणीनं हाताहूनही बारीक रेघ काढता येते. मग मुलं कोरलेला कित्ता बघून तितकंच बारीक लिहायची धडपड करू लागली. जॉर्ज बिकम या कोरणाऱ्यानं १७३३ ते १७४१ या काळात पंचवीस लेखनशिक्षकांचे नमुने 'युनिव्हर्सल पेनमन' या नावानं ५२ भागांत छापले. नंतरचे कितीतरी फॉन्ट त्या पानांकडे बघून तयार झालेत.

मग व्यापाराचं अक्षर समारंभाचं कसं झालं? टाइपरायटर आला आणि कचेऱ्यांतलं हातानं लिहिण्याचं काम कमी होत गेलं. आमंत्रणं आणि भेटकार्डं मात्र कोरीव ठशावरूनच छापली जात राहिली, आणि हे वळण तिथे टिकलं. आपल्याकडच्या फेट्यासारखंच म्हणा ना. एके काळी रोज डोक्याला बांधायचा, आता लग्नात आणि सत्कारात. आणि समारंभापुरता उरला म्हणून त्याचे तुरे मोठे झाले. अक्षराचंही तसंच. रोजच्या कामात असताना ते साधं होतं.

आपल्याकडेही हे अक्षर इंग्रजांबरोबर आलं आणि शाळेतून घराघरात गेलं. मराठी शाळेत शिकलेल्या जुन्या मंडळींना इंग्रजीच्या चार लिपी आठवतील. पहिली-दुसरी छापील, तिसरी-चौथी जोडलेल्या वळणाची. चार रेघी वहीत आपण टाक बुडवून जी गिरवली, ती तिसरी आणि चौथी लिपी म्हणजे याच गोल वळणाची नात किंवा पणती. आजोबांच्या पोस्टकार्डावरचा इंग्रजी पत्ता कधी पाहिलात तर तिरका कल आणि खाली येताना जाड होणारी रेघ लगेच ओळखू येईल.

आता फॉन्टकडे येऊ. छपाईचा खिळा चौकोनी असतो आणि हे अक्षर तिरकं. तिरक्या अक्षराची शेंडी किंवा शेपूट खिळ्याच्या कडेबाहेर लोंबते. छापताना ती तुटते. आणि दोन खिळ्यांमधली जोडरेघ कितीही जपलं तरी बारीक फटीनं तुटलेली दिसते. मराठी छपाईला हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. खिळे जुळवून छापलेलं एखादं जुनं पुस्तक भिंगाखाली धरा. शिरोरेघ सलग नसते, अक्षरागणिक सूक्ष्म फट असते. आणि वेलांटी, मात्रा, रफार हे तर नेहमीच कडेबाहेर जाणारे पाहुणे. जुळाऱ्यांनी यावर काय काय युक्त्या केल्या, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

१९६०च्या दशकापर्यंत फोटोच्या तंत्रानं अक्षरजुळणी होऊ लागली होती. धातूचा खिळा गेला, फिल्मवरची आकृती आली. कडच उरली नाही, तर अक्षर शेजारच्याच्या हद्दीत गेलं म्हणून काय बिघडलं? ही संधी नेमकी ओळखली मॅथ्यू कार्टर या टाइप-रचनाकारानं. लायनोटाइप कंपनीसाठी त्यानं १९६५-६६च्या सुमारास 'स्नेल राउंडहँड' तयार केला. स्नेलच्या वळणावर आधारलेला, आणि जोड खरोखर जुळणारा. एका अक्षराची बाहेर जाणारी रेघ पुढच्याच्या आत येणाऱ्या रेघेला बरोबर त्याच उंचीवर भेटते. एकच शब्द टाइप करून मोठा करून बघा, जोड शोधून सापडत नाही. ॲपलच्या संगणकात आणि फोनमध्ये हा फॉन्ट आधीपासून असतो.

कार्टरविषयी थोडं सांगायलाच हवं. तरुणपणी हा माणूस नेदरलँड्समधल्या हार्लेम गावी एका जुन्या छापखान्यात पोलादावर हातानं अक्षरं कोरायला शिकला. पुढे फिल्मसाठी अक्षरं काढली, मग संगणकाच्या पडद्यासाठी. 'व्हर्डाना' आणि 'जॉर्जिया' त्याचेच. लायनोटाइपमध्ये असताना त्यानं देवनागरीचाही टाइप केला, म्हणजे आपल्या लिपीशीही त्याचा संबंध आहे. पण मला आज त्याचं दुसरंच काम तुमच्यापुढे ठेवायचं आहे. ज्या हातानं समारंभाचा 'स्नेल राउंडहँड' काढला, त्याच हातानं १९७८ साली अमेरिकेच्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी 'बेल सेंटेनियल' काढला. हलका कागद, भरधाव छपाई, मुंगीएवढी अक्षरं, आणि पानभर फक्त नावं आणि आकडे. तिथे कार्टरनं काय केलं? अक्षरांच्या सांध्यात मुद्दाम खाचा ठेवल्या. शाई पसरली की त्या खाचा भरतात आणि अक्षर स्वच्छ दिसतं. मोठं करून पाहिलं तर कुरतडल्यासारखं दिसतं ते अक्षर! शोभेचा विचारच नाही. कुणाचंही नाव पहिल्या नजरेत सापडलं पाहिजे, एवढी एकच अट.

एकाच माणसाची ही दोन अक्षरं शेजारी शेजारी ठेवली की प्रमाणपत्राचा प्रश्न मला सोपा वाटायला लागतो. मानाचं अक्षर कुठे आणि नावाचं अक्षर कुठे, हे त्यानं वेगळं ठेवलं होतं. आपण ते एकत्र करतो.

हे मला इतकं का टोचतं, ते सांगते. एकदा आमच्या शाळेतली चौथीतली एक मुलगी बाहेरच्या एका स्पर्धेत पहिली आली. प्रमाणपत्र आयोजकांकडून छापून आलं. जाड चकचकीत कागद, सोनेरी किनार, आणि नाव इंग्रजीत, वळणदार अक्षरात, तेही सगळं कॅपिटलमध्ये. मुलीनं ते दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, हे माझं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी आलंय." मी तिला एकेक अक्षर दाखवलं तेव्हा तिला पटलं. संध्याकाळी तिची आई न्यायला आली. त्या बाई चौथीपर्यंत शिकलेल्या, मराठी सावकाश पण नीट वाचतात. प्रमाणपत्र हातात घेऊन त्यांनी पदराला बोटं पुसली, कागदावर हात फिरवला आणि विचारलं, "यात हिचं नाव कुठं आहे, बाई?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी मान डोलवली. पण त्यांनी माझं बोट पाहिलं, नाव नाही. मग मी मागच्या बाजूला पेनानं देवनागरीत मुलीचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिलं. ते त्यांनी तोंडानं वाचलं, एकेक अक्षर सोडवत.

आयोजकांचा हेतू वाईट नव्हता. उलट मुलांचा मान राखावा म्हणूनच त्यांनी महागाचा कागद आणि 'रॉयल' दिसणारं अक्षर निवडलं असणार. पण ज्या घरात त्या आधी कुणाचं नाव छापूनच आलेलं नव्हतं, तिथे पहिल्यांदा छापून आलेलं नाव घरच्यांना वाचता आलं नाही. आपल्या शाळांमध्ये अशी घरं थोडी नाहीत.

कॅपिटलची गोष्ट नीट समजून घ्या, कारण ही चूक सगळीकडे दिसते. या वळणाची मोठी अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकदाच येण्यासाठी काढलेली असतात. मिरवणुकीत पुढे एकच भालदार असावा तशी. त्यांच्यामागून येणाऱ्या लहान अक्षरांनी वाचनाचं काम करायचं. सगळीच कॅपिटल केली की सगळेच भालदार, माणसं कुणीच नाहीत. वेलांट्या एकमेकांवर चढतात, जोड कुठेच जुळत नाहीत, कारण या कॅपिटलना एकमेकांशी जोडायची सोयच केलेली नसते. त्यातून आय, जे, एस, एल, टी, एफ ही या वळणातली कॅपिटल एकाच आईची लेकरं वाटतात. समजा मुलीचं नाव ईश्वरी जाधव आहे. इंग्रजीत आय आणि जे. या फॉन्टमध्ये नाव आणि आडनाव एकाच अक्षरानं सुरू होतं असं वाटेल. लहान लिपीत लिहिलं तर पुढच्या अक्षरांवरून निदान अंदाज तरी लागतो. कॅपिटलमध्ये तोही आधार गेला.

दुसरा मुद्दा झेरॉक्सचा. ही बारीक रेघ छान छपाईत शोभते. पण प्रमाणपत्राचं खरं आयुष्य फाइलमध्ये आणि झेरॉक्सच्या दुकानात जातं. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मागताना, शिष्यवृत्तीला, प्रवेशाला त्याच्या प्रती जोडाव्या लागतात. प्रतीची प्रत काढली की केसासारख्या रेघा उडतात आणि उरतात नुसते जाड फटकारे. समोरचा कारकून नाव जुळवून बघतो आणि मान हलवतो. त्याचाही दोष नाही.

आता कुणी म्हणेल, मग मराठीत असाच वळणदार फॉन्ट घ्या की. घेता येतो, पण इथे थोडं थांबावं लागतं. वर्डमध्ये मराठी मजकूर निवडून 'एडवर्डियन स्क्रिप्ट' लावला तर काहीच होत नाही, कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. संगणक गुपचूप 'मंगल' किंवा 'निर्मला' वापरतो. मग लोक तिरकं करायचं बटण दाबतात. त्यानं 'मंगल' नुसता कलंडतो. र. कृ. जोशी यांनी 'मंगल' पडद्यावर सरळ वाचता यावा म्हणून काढला. त्याला ढकलून तिरका केला तर तो वळणदार होत नाही, पडायला आल्यासारखा दिसतो.

याचं कारण लेखणीत आहे. देवनागरीचा जाड-बारीकपणा दाबातून आलेला नाही. बोरूचं टोक रुंद आणि तिरपं कापलेलं असतं. हात त्याच कोनात ठेवून फिरवला की रेघ आपोआप कुठे जाड, कुठे बारीक होते. दाब सारखाच. इंग्रजी गोल वळणात हात श्वासासारखा दाबतो आणि सोडतो. बोरूत हात स्थिर राहतो आणि टोक काम करतं. म्हणून एकाचं सौंदर्य दुसऱ्याला चिकटवता येत नाही.

धावत्या, जोडलेल्या लिपीचं म्हणाल तर ती आपल्याकडे होतीच. मोडी. तीही गोल, भरभर लिहायची, आधी ओळभर रेघ ओढून मग हात शक्य तितका कमी उचलत लिहायची, आणि तीही दप्तराची, हिशेबाची, पत्रव्यवहाराची. स्नेलच्या काळात लंडनच्या पेढीवर राउंडहँड चालत होतं तेव्हा आपल्या फडात मोडी चालत होती. काम एकच. पुढे त्यांचं अक्षर समारंभात गेलं आणि मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेतून, कचेरीतून गेली, ती पुराभिलेखागारातल्या रुमालांत राहिली. आपल्या मानाच्या कागदावर मात्र कायम बाळबोध. लग्नपत्रिकेवर 'श्री गजानन प्रसन्न' आपण कधी मोडीत लिहीत नाही. पोथीचं अक्षर तेच मानाचं अक्षर, सरळ, सुटं, प्रत्येक अक्षर स्वतःच्या पायावर उभं. आणि गंमत म्हणजे बाळबोध या शब्दाचा अर्थच मुळी पोरालाही कळेल असं.

तेव्हा माझं म्हणणं असं. इंग्रजी माध्यमाची शाळा असेल, प्रमाणपत्र इंग्रजीत असेल, तर वरची एक ओळ वळणदार अक्षरात खुशाल लिहा. तीन-चार शब्द, मोठ्या आकारात, भोवती भरपूर मोकळी जागा. या अक्षराला जागा लागते. बाकी मजकूर आणि विशेषतः नाव साध्या, उभ्या अक्षरात. आणि प्रमाणपत्र कुठल्याही माध्यमाचं असो, नाव देवनागरीत एकदा असलंच पाहिजे. इंग्रजी नाव खाली लहान लिपीत, जनरल रजिस्टरमधल्या स्पेलिंगप्रमाणे.

देवनागरीसाठी फुकट मिळणाऱ्यांपैकी 'तिरो देवनागरी मराठी' मला समारंभाच्या कागदाला शोभेसा वाटतो. त्यात बोरूचा जाड-बारीकपणा आहे आणि ल, श मराठी वळणाचे आहेत. ही गोष्ट किरकोळ समजू नका. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत, आपण पहिलीत तेच गिरवून घेतो, आणि प्रमाणपत्रावर 'शीतल' लिहिताना दोन्ही अक्षरं वेगळीच छापतो. पहिलीतलं पोर विचारतं, "बाई, हा ल असा का?" बरोबरच विचारतं.

खरं सांगायचं तर फॉन्टपेक्षा मला नाव हातानं लिहिलेलं आवडतं. बाकी सगळं छापा आणि नावाची ओळ कोरी सोडा. प्रत्येक शाळेत एक तरी शिक्षक असतो ज्याचं फळ्यावरचं अक्षर बघून पालक थबकतात. त्यांच्याकडे ते काम द्या. आमच्याकडे तीन वर्षांपासून पहिली-दुसरीच्या मुलांची नावं सातवीची मुलं लिहितात. त्यासाठी जानेवारीत दोन तास मोडतात, पण त्या दोन तासांत सुलेखनाचा सगळा धडा होऊन जातो.

करायचं काय? पहिल्या तासाला दोन पेन्सिली रबरबँडनं घट्ट बांधायच्या आणि दोन्ही टोकं कागदाला लागतील अशा, एकाच कोनात धरून 'क' काढायचा. दोन समांतर रेघा उमटतात. कुठे त्यांच्यात अंतर राहतं, कुठे त्या मिटून एक होतात. बोरू म्हणजे काय ते मुलांना न सांगता कळतं. नंतर साधी मऊ पेन्सिल घेऊन खाली येताना दाब, वर जाताना हलकं, अशी इंग्रजी 'एम'ची माळ काढायची. हे स्नेलमास्तरांचं वळण. दोन्ही हातात आलं की मुलं स्वतःच सांगतात, कुठलं अक्षर कशानं लिहिलंय ते. मागच्या वर्षी एकानं गावातल्या दुकानाची पाटी बघून येऊन सांगितलं, "बाई, तो रंगारी बोरूसारखाच ब्रश धरतो."

दुसऱ्या तासाला नावं. तिरपी निब असलेलं कॅलिग्राफी पेन स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. ते नसेल तर रुंद टोकाचं मार्कर ब्लेडनं तिरपं कापून घ्यायचं, पण ते काम आपण करायचं, मुलांकडे ब्लेड द्यायचं नाही. आधी कच्च्या कागदावर दहा वेळा, मग प्रमाणपत्रावर पेन्सिलीनं अगदी फिकट. शिरोरेघ शेवटी. शाई फिरवण्याआधी तो कागद ज्याचा त्याला नेऊन दाखवायचा. पहिलीतल्या पोरानं बोट ठेवून स्वतःचं नाव वाचून दाखवलं, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ आणि आडनाव बरोबर आहे असं धरायचं आणि मगच शाई. दर वर्षी चार-पाच नावं या टप्प्यावर दुरुस्त होतात. गेल्या खेपेला एक चिमुरडी म्हणाली, "माझ्या नावात आईचं नाव पण पाहिजे." रजिस्टरमध्ये पाहिलं, होतं. ओळीत जागा थोडी होती, म्हणून सातवीच्या त्या मुलानं सगळं खोडून अक्षरं जरा अरुंद करून पुन्हा लिहिलं.